मुकादमाचा कौल

रविवारी सकाळी साडेनऊला ‘मीठभाकर’ बंगल्याच्या गच्चीवर घरातली सहाही माणसं जमली आणि टबातल्या कासवाऐवजी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली, तेव्हाच सुनीतानं ओळखलं की आज जेवायला तीन वाजणार. या घरात लोक एकमेकांकडे असे बघायला लागले की डाळ भिजत घालण्यातही अर्थ नसतो, हे ती अठ्ठावीस वर्षांत शिकली होती.

मुकादम, म्हणजे ते कासव, टबात ओल्या टॉवेलवर पडला होता. मान लांब काढून, तोंड उघडून तो श्वास घेत होता, आणि दोन श्वासांच्या मध्ये इतका वेळ जात होता की तिच्या दिरानं, विश्वजीतनं, सकाळपासून दोनदा ‘गेला’ म्हणून जाहीर केलं होतं. दोन्ही वेळा मुकादमानं पुढचा श्वास घेऊन त्याला खोटं पाडलं. चाळीस दिवस त्याच्या पोटात कण नव्हता. पाय सुजून कवचाच्या बाहेर आले होते, आणि ते कवचही पोटाकडून मऊ पडलं होतं.

“तर,” चारुता म्हणाली. सुनीताची ही एकुलती एक मुलगी खारघरला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. आवाज तिनं दवाखान्यातला लावला होता, पण नाक लाल झालं होतं. “त्याची किडनी गेलीय. आमच्या सरांनी पण रिपोर्ट बघितले. औषधानं आता काही होणार नाही. आपण काहीच नाही केलं, तर दोन-तीन आठवडे तो असाच काढेल. कासवं पटकन जात नाहीत. आणि ते सगळे दिवस त्याला दुखत राहणार. नाहीतर मी इंजेक्शन देते. आधी झोपेचं, मग दुसरं. त्याला कळणारही नाही.”

“दोन-तीन आठवडे म्हणजे नक्की किती?” विश्वजीतनं विचारलं.

“काका, मी डॉक्टर आहे, पंचांग नाही.”

“तसं नाही गं. पंधरा दिवसांनी शोरूमचं ओपनिंग आहे.” पळस्प्याच्या रस्त्यावर त्यानं टाइल्सचं शोरूम काढलं होतं आणि आमंत्रणपत्रिकेवर स्वतःच्या फोटोशेजारी मुकादमाचाही फोटो छापला होता. “आबांनी याला आणला त्या दिवसापासून या घराचं चांगलं झालंय. ओपनिंगच्या तोंडावर त्याला मारायचं? लोक काय म्हणतील? नळी-बिळी लावता येत नाही का, पंधरा दिवसांपुरती?”

“येते. तुम्हाला लावून दाखवू का आधी?”

“जीव आपण दिला नाही, तर घ्यायचा कसा?” हेतल म्हणाली. विश्वजीतची बायको पनवेलच्या गुजराती जैन किराणावाल्यांची मुलगी. सतरा वर्षांपूर्वी या मासे खाणाऱ्या आगऱ्यांच्या घरात आली, तेव्हापासून नाकाला पदर लावून का होईना, पण सुट्टीच्या दिवशी तीच मुकादमाचं पाणी बदलायची. “त्याचं आयुष्य त्याला पूर्ण करू दे ने. माझा मितेशभाई पांजरपोळात ओळखतो. तिथे ठेवू. शांत जाईल बिचारा.”

“अनोळखी माणसांत?” सुनीताचा नवरा कुमार एकदम म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, कारण कुमार सहसा ‘बघू’च्या पलीकडे जात नसे. तोही गडबडला. “नाही म्हणजे… आपटा गावाला नेऊन पाताळगंगेत सोडलं तर? पाण्यात बरं वाटेल त्याला. बघू.”

“पप्पा, त्याला पोहता येत नाहीये. बुडेल. आणि हे विलायती कासव नदीत सोडायचं नसतं, मी हजारदा सांगितलंय.”

पाच मिनिटांत घराचे तीन पक्ष झाले. दहाव्या मिनिटाला हेतल आणि विश्वजीत एक झाले, कारण दोघांनाही इंजेक्शन नको होतं. मग नळीवरून ते फुटले, आणि हेतल जाऊन चारुताच्या बाजूला उभी राहिली. कुमार जो बोलेल त्याच्याकडे बघून मान डोलवत होता. सुनीताला कुणी विचारलंच नाही. मुकादमाला रोज खाऊ कोण घालतं, त्याचा हौद कोण घासतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण या घरात हौद घासणाऱ्याचं मत घ्यायची पद्धत नव्हती.

तेवढ्यात टाकीच्या सावलीतून हौसा बोलली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली सुनीताची सासू इतका वेळ डोळे मिटून ऐकत होती.

“तुमी कोन ठरवनार? ज्याचा जीव हाय त्याला इचारा. परात काढा.”

सुनीता जिन्याकडे वळली.

*

आबा म्हणजे हौसाचा नवरा रामू. त्यांचा जन्म मिठागरावर गेला. जमिनीच्या कोर्टाच्या कामाला एकदा ते मुंबईला गेले आणि संध्याकाळच्या लाँचनं मोरा बंदराच्या धक्क्यावर उतरले तेव्हा हातात निकालाचा कागद आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत रुपयाच्या नाण्याएवढं कासव होतं. निकाल बाजूनं लागला होता. कासव दगडावर चढून, छाती काढून, दुसऱ्यांना कामं करताना बघत बसायचं. मिठागरावर आबांच्या मुकादमानं तीस वर्षं हेच केलं होतं, म्हणून नाव पडलं मुकादम.

त्या वर्षी सुनीता बेलपाड्याहून लग्न करून आली होती. पुढं घरात पहिलं मोठं भांडण झालं, तेव्हा आबांनी देवळात लावतात तसा कौल मुकादमाला लावला. पितळेच्या परातीत दोन बोटं पाणी घ्यायचं, मुकादमाला उगवतीकडे तोंड करून सोडायचं, आणि त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला चिमूट चिमूट जवळा, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, टाकायची. प्रश्न मोठ्यानं एकदाच विचारायचा. मुकादम आधी उजवीकडे वळला तर होय, डावीकडे वळला तर नाही. एकदा कौल झाला की त्यावर बोलायचं नाही. आबांचं अर्धं आयुष्य भाऊबंदकीत गेलं होतं, त्यामुळे भांडण मिटवणारी कोणतीही गोष्ट त्यांना देवाच्याच जागी वाटायची.

प्रश्न मांडायचं काम सुनीताकडे आलं, कारण आबा विचारायला लागले की एका वाक्यात तीन प्रश्न व्हायचे आणि कासवही गोंधळायचं. “सूनबाय, तू कॉलेजात गेलीस, तू नीट शब्दांत मांड,” ते म्हणायचे. सुनीता कॉलेजात दीडच वर्ष गेली होती, पण तेवढ्यावर भागत होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सुनीतानं सतरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. एके दुपारी ती हौदावरची जाळी लावायला विसरली, आणि कावळ्यानं मुकादमाचा डावा डोळा फोडला. तिनं भीतीनं तोंड शिवलं, गुपचूप मलम लावलं, जखम भरली. डोळ्यावर पापणी कायमची अशी उतरली की बघणाऱ्याला वाटावं, मुकादम पेंगतोय. तो नेहमीच पेंगायचा, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

नंतरच्या पहिल्याच कौलात तिच्या लक्षात आलं, की मुकादमाला आता फक्त उजवीकडचा जवळा दिसतो.

म्हणजे काहीही विचारा, उत्तर ‘होय’. आणि विचारणारी सुनीता. तो कौल होता विश्वजीत-हेतलच्या लग्नाचा. आबा म्हणाले होते, “हे परकरन मोडायचा का, असा इचार.” सुनीतानं घाम पुसला, हेतलचा रडून सुजलेला चेहरा तिला आठवला, आणि ती मोठ्यानं म्हणाली, “मुकादमा, दोघांचं लग्न लावून द्यायचं का?” मुकादम डुलत डुलत उजवीकडे गेला. आबांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी मुलगी मागायला गेले.

त्यानंतर बरंच काही झालं. चारुताला परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला पाठवायचं का? होय. खाडीकाठची शेवटची जमीन राखायची का? होय; विश्वजीत ती विकायला निघाला होता, तो आठ दिवस जेवला नाही. वॉशिंग मशीन घ्यायचं का? होय. या मशीनच्या कौलाबद्दल सुनीताला कधीच पश्चात्ताप झाला नाही.

पण सर्वांत शेवटच्या कौलाबद्दल तिला सहा वर्षं झोप नीट लागली नव्हती. आबा दवाखान्यात होते, तोंडात नळी, हात बांधलेले. डॉक्टर म्हणत होते, ठेवलं तर महिनाभर ओढतील, घरी नेलं तर सांगता येत नाही. कुमार ‘बघू’ म्हणाला, विश्वजीत ‘ठेवू’ म्हणाला, हौसा काहीच म्हणाली नाही. परात काढली गेली. सुनीता म्हणाली, “आबांना घरी आणायचं का?” आबा घरी आले आणि तिसऱ्या दिवशी गेले. सगळे म्हणाले, मुकादमाचा कौल. सुनीतालाच ठाऊक होतं की तो कौल कुणाचा होता.

त्यानंतर परात माळ्यावर गेली ती गेलीच. हौसा मात्र दर महिन्याला, आबा गेले त्या पंचमीला, कोळंबी स्वतःच्या हातानं सोलून मुकादमापुढं ठेवायची आणि हात जोडायची. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची सुनीताची छाती झाली नाही.

*

“आई.” सुनीता स्वयंपाकघरात जवळ्याचा डबा शोधत होती, तेव्हा चारुता मागून आली आणि दार लोटून उभी राहिली. “त्याचा डावा डोळा कधी गेला?”

“कुठला डोळा?”

“आई, मी डॉक्टर आहे. जुनी जखम आहे ती, पंधरा वर्षं तरी झाली असतील. डावीकडचं त्याला काही म्हणजे काही दिसत नाही.” ती थांबली. तिच्या डोक्यात हिशेब चाललेला सुनीताला दिसत होता. “म्हणजे कौल… थांब. म्हणजे माझं कॉलेज…”

“जवळा निवड गप्प. खडे असतात.”

“वॉशिंग मशीन!”

“हळू बोल.”

चारुता ओट्याला टेकून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, तरी ती हसतच राहिली. “आई, तू तर या घराची सरकार निघालीस. काकाला कळलं तर जमिनीसाठी वर जाऊन आबांशी भांडेल.” मग तिनं नाक पुसलं. “बरं झालं. मग आता सोपं आहे. ‘मुकादमाला सोडवायचं का’ असं विचार. तो मान उजवीकडे नुसती फिरवेल तरी पुरे. काकी गप्प, काका गप्प, आजी पण गप्प. अर्ध्या तासात त्याचं दुखणं संपेल.”

तेच सुनीताच्याही मनात होतं. परात ऐकली त्या क्षणापासून तेच होतं. एक वाक्य बोलायचं, आयुष्यभर बोलली तसं, आणि मोकळं व्हायचं.

“आई? काय झालं?”

“काही नाही,” सुनीता म्हणाली. “डबा धर.”

*

परात विश्वजीतनं काढली आणि चिंच लावून लख्ख केली. तेवढी भक्ती त्याच्यात होती. हौसानं निरांजन लावलं. कुमारनं मुकादमाला दोन्ही हातांनी उचलून पाण्यात ठेवलं. पाण्याचंही ओझं झाल्यासारखं मुकादमानं मान खाली टाकली, मग पुन्हा लांब काढून तोंड उघडलं.

“मुकादमानं स्वतः सांगितलं तर मला मान्य,” हेतल म्हणाली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला. “मग पाप नाही. त्याची स्वतःची मरजी.”

“माझं पण तेच,” विश्वजीत म्हणाला. “कौल म्हणजे कौल. ‘नाही’ आला तर नळी.”

सुनीतानं डावीकडे चिमूट टाकली, उजवीकडे चिमूट टाकली. वास पाण्यावर पसरला. मुकादमाचा उजवा डोळा किंचित उघडला. त्याला भूक नव्हती, गिळायची ताकद नव्हती, पण सुनीताचा हात तो ओळखायचा. तिनं काही विचारण्याआधीच, सवयीनं, त्यानं मान उजवीकडे वळवायला सुरुवात केली. ती सुजलेली मान वळवताना त्याचं अख्खं अंग थरथरलं.

सुनीता ते बघत होती. लग्न, कॉलेज, जमीन, आबा, सगळ्याला यानंच होय म्हटलं, तेही तिच्यासाठी, चिमूटभर जवळ्यावर. आणि आता त्याच्या मरणाच्या कागदावरही त्याचाच अंगठा उठवून घ्यायचा? एवढं तरी त्याच्या माथी नको.

तिनं पाण्यात हात घातला आणि उजवीकडचा जवळा मुठीत गोळा करून घेतला.

“वहिनी, हे काय?” विश्वजीत ओरडला. “कौल मोडला!”

“कौल नव्हताच, भाऊजी.” तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “सतरा वर्षं नाहीये. याचा डावा डोळा आंधळा आहे. मी जाळी उघडी टाकली होती, कावळ्यानं फोडला. याला फक्त उजवीकडचं दिसतं. हा नेहमी होयच म्हणतो. मला हवं त्याला होय यावं, असा प्रश्न मी मांडत होते.”

खालच्या गल्लीत पाववाल्याचा भोंगा वाजला.

विश्वजीतच्या चेहऱ्यावर सतरा वर्षं एकामागून एक येऊन गेली. “जमीन,” तो शेवटी म्हणाला. “खाडीची जमीन. वहिनी, मी आठ दिवस उपाशी होतो.”

“चोरून वडापाव खात होतात. मला पाववाल्यानं सांगितलं होतं.”

“तो मुद्दा नाही!”

“पण लग्न?” हेतलनं पदर डोक्यावरून काढला. ती सुनीताकडे टक लावून बघत होती. “भाभी, आमचं लग्न? सासरे तर मोडा म्हणत होते. मी दाराआडून ऐकत होते. मी सतरा वर्षं याचं पाणी बदलते, का माहीत आहे? यानं मला घरात घेतलं म्हणून. वास सहन नाही होत मला, तरी बदलते.” ती सुनीताच्या जवळ आली. “ते तुम्ही होतात?”

“तू फार रडली होतीस त्या दिवशी,” सुनीता म्हणाली.

“म्हणजे माझी बायको मला वहिनीनं दिली?” विश्वजीत म्हणाला.

“आणि जमीन नाही दिली,” कुमार म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

“तू गप रे. तुला माहीत होतं का?”

“मला काय माहीत असणार,” कुमार म्हणाला, आणि ते इतकं खरं होतं की त्यावर कुणी वाद घातला नाही.

सुनीताचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ती हौसाकडे बघत होती. हौसा खुर्चीवरून उठली होती आणि परातीजवळ उकिडवी बसून मुकादमाच्या डाव्या डोळ्यासमोर बोट हलवत होती. डोळा हलला नाही. तिनं बोट उजवीकडे आणलं. उजवी पापणी लवली.

“तुझे सासऱ्याचा कौल?” हौसानं विचारलं. मान वर केली नाही. “घरी आनायचा? तो पन?”

हे विचारलं जाणार हे सुनीताला ठाऊक होतं. म्हणूनच तर सहा वर्षं तोंड शिवलेलं होतं. “तोही, आई,” ती म्हणाली. “त्यांचे हात बांधलेले मला बघवेनात. मी घरी आणायला लावलं. तिथं ठेवलं असतं तर कदाचित महिनाभर असते. मी तुमचा महिना घेतला.”

विश्वजीत जमीन विसरला. चारुतानं आईचा दंड धरला.

हौसानं ओंजळीनं मुकादमाच्या कवचावर पाणी घातलं.

“तीन दिस तो माज्याशी बोलला,” ती म्हणाली. “नळी काढल्यावर. तुमी सगली निजलाव का बोलायचा. आपट्याला लगनाच्या वक्ताला माजी चप्पल कशी हरवली, पयली मिठाची रास कशी आनली, सगला. तिसऱ्या दिशी मना बोलला, ‘हौसे, मुकादमाला इसरू नको, त्यानं आनला मना घरा.’ म्हनून मी कोलबी ठेवतंय. सहा वरसा ठेवतंय.” तिनं पदरानं नाक पुसलं आणि सुनीताकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, पण लाडही नव्हता. बाजारात मासळीचा वाटा पारखताना बघायची तशी ती बघत होती. “सहा वरसा चुकीच्या दाराला निवद दावला मी. तुला एक कोलबी सोलून दिली नाय कदी.”

सुनीताला रडू फुटलं. मोठ्यानं, गच्चीवर, सगळ्यांसमोर. असं रडायला तिला सवड कधी मिळाली नव्हती.

“रडाचा मागून,” हौसा म्हणाली. “हा बघ कसा करतंय. आता सांग. इतकी वरसा तूच सांगत व्हतीस, त्याचे तोंडानं. आता तुझे तोंडानं सांग. काय करायचा याचा?”

सगळे तिच्याकडे बघत होते. विश्वजीतचा चेहरा म्हणत होता पंधरा दिवस, हेतलचा म्हणत होता पाप, कुमारचा काहीच म्हणत नव्हता. परातीत मुकादमानं एक श्वास घेतला, आणि मग पुढचा येईपर्यंत सुनीता थांबली.

“होय,” ती म्हणाली. “आजच. आत्ता. चारू, तुझी पेटी आण.”

*

झोपेचं इंजेक्शन दिलं तेव्हा मुकादम सुनीताच्या मांडीवर, ओल्या टॉवेलमध्ये होता. तिचा अंगठा त्याच्या हनुवटीखाली होता. तिथं खाजवलेलं त्याला लहानपणापासून आवडायचं. हळूहळू मान जड झाली आणि तिच्या तळव्यात उतरली. तोंड मिटलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा तो शांत दिसत होता.

हेतल जिन्यात जाऊन बसली होती. दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी ती परत आली आणि सुनीताच्या शेजारी टेकली. “पाप असेल तर अर्धं माझं,” ती म्हणाली. सुनीतानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पण मुकादमच तो. चारुतानं सांगितलं होतं की कासवाचं हृदय थांबायला वेळ लागतो. बाराला तिनं छोटं यंत्र लावून बघितलं, अगदी हळू ठोके होते. “त्याला काही कळत नाहीये, गाढ बेशुद्ध आहे. फक्त हृदय सावकाश थांबतंय,” ती म्हणाली. एक वाजता मिनिटाला दोन. आयुष्यभर कुठल्याच कामाला घाई न केलेला प्राणी याच कामाला का करेल? दीड वाजता हौसा म्हणाली की उपाशी माणसांनी राखण करू नये. मग गच्चीवरच भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी आली, हेतलसाठी बटाटा आला, आणि मुकादमाच्या भोवती बसून सगळे जेवले. विश्वजीत घासागणिक रडत होता. पत्रिकेवरचा फोटो तो फोनवर पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होता. “किती रुबाबात बसलाय बघा,” तो म्हणत होता. “माझ्यापेक्षा चांगला आलाय.”

तीनला दहा कमी असताना चारुतानं यंत्र खूप वेळ धरलं, मग बाजूला ठेवलं, आणि ती डॉक्टर राहिली नाही. कुमार तिला कुशीत घेऊन उभा राहिला. तेवढं त्याला छान जमायचं.

मग पुरायचं कुठं यावरून सुरू झालं. विश्वजीत म्हणाला शोरूमच्या दारात, म्हणजे बरकत राहील. हेतल म्हणाली दारात नको, लोक पाय देतील. कुमार म्हणाला खाडीवर, त्या राखलेल्या जमिनीत. आणि विश्वजीत म्हणाला, ती जमीन विकली असती तर हा प्रश्नच आला नसता. आवाज चढले. आणि मग, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, सगळे परातीकडे वळले. परात रिकामी होती. तिच्यात फक्त दोन बोटं पाणी आणि डावीकडचा जवळा, जो सतरा वर्षं कुणी खाल्ला नव्हता.

सगळ्यांच्या माना एकदम सुनीताकडे वळल्या.

“खाडीवर,” ती म्हणाली. “बांधाच्या वर, जिथून मिठागर दिसायचं. आणि आबांचं मीठ घालायचं.”

आबांनी शेवटच्या वर्षी मिठागरातून आणलेलं पोतंभर मीठ जिन्याखाली ठेवलेलं होतं. ते कशाला ठेवलंय यावर घरात आजवर पाच मतं होती, आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. जनावर पुरताना मीठ घालतात हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळ्यांनी हौसाकडे बघितलं.

“मना कशाला बघताव?” हौसा म्हणाली. “तिनं सांगितला ना?” आणि कंबरेवर हात ठेवून ती स्वतःच जिना उतरायला लागली.

संध्याकाळी पाचला, विश्वजीतच्या टेम्पोतून, सगळे खाडीवर गेले. खड्डा दोघा भावांनी मिळून खणला. एकत्र केलेलं त्यांचं हे काही वर्षांतलं पहिलं काम. पलीकडे जिथं मिठागर होतं तिथं आता विमानतळाचे दिवे लागत होते. हौसानं खड्ड्यात मिठाची गादी केली आणि टॉवेलातला मुकादम हातात घेऊन थांबली.

“सूनबाय,” तिनं विचारलं. आबांसारखं ती पहिल्यांदाच म्हणाली. “कोनत्या कुशीवर ठेवू?”

“आजी, कासवाला कूस नसते,” चारुता म्हणाली.

“तुला नाय इचारला.”

सुनीता पुढं झाली. तिनं मुकादमाची मान अलगद धरली आणि थोडी वळवली.

“डाव्या अंगावर, आई,” ती म्हणाली. “चांगला डोळा वर राहू दे.”

हौसानं तसाच ठेवला. घरी परतल्यावर ती आधी स्वयंपाकघरात गेली. सुनीता हातपाय धुऊन आली, तेव्हा म्हातारी फरशीवर पाटावर बसली होती, समोर कोळंबीचा वाटा होता, आणि ती एकेक कोळंबी सोलून पितळेच्या परातीत टाकत होती.